पाचवी ओळ का बिघडते? बालवर्ग ते दुसरीच्या लेखनाविषयी वाचकांचे प्रश्न

मुलांच्या लेखनाच्या सुरुवातीबद्दल आलेल्या पत्रांमध्ये ‘लिहिणं’ हा शब्द जवळजवळ सगळ्यांनी ‘गिरवणं’ या अर्थानेच वापरला आहे. आपल्या भाषेची यात थोडी चूक आहेच. ‘त्याचं अक्षर छान आहे’ म्हटलं की आपल्याला वाटतं, त्याला लिहिता येतं. पण अक्षर वळवणं हे हाताचं काम आणि मनातलं कागदावर उतरवणं हे डोक्याचं. सहा वर्षांच्या मुलावर दोन्ही कामं एकाच वेळी टाकली, तर दोन्ही अर्धवट होतात. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

पहिलीच्या मुलांना रोज एका अक्षराच्या पाच ओळी गिरवायला देते. पहिली ओळ बरी असते, पुढे पुढे अक्षर बिघडत जातं. मुलं कंटाळतात म्हणून असं होतं का? ठिपक्यांची अक्षरं दिली तर सुधारेल का?
– जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, सातारा जिल्हा

ताई, कंटाळा हे अर्धंच कारण. वही उघडून पाहा. पहिली ओळ मुलाने छापील नमुना बघून काढलेली असते. दुसरी ओळ काढताना त्याची नजर नमुन्यापर्यंत जात नाही, लगेच वर असलेल्या स्वतःच्याच अक्षरावर पडते. तिसरी ओळ दुसरीची नक्कल, चौथी तिसरीची. पहिल्या ओळीत ‘म’ची गाठ जरा सैल असेल तर तिसरीत ती उघडी पडते आणि पाचवीत आडवी रेघ दांडीपर्यंत पोचतच नाही, ‘म’चा ‘ग’ होतो. म्हणजे पाच ओळींत मूल बरोबर अक्षराचा सराव चार-पाच वेळा करतं आणि चुकीच्या अक्षराचा वीस-पंचवीस वेळा.

उपाय सोपा आहे. पाचऐवजी तीनच ओळी द्या आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नमुना स्वतः काढून द्या. एका ओळीत चार अक्षरं पुरे. लिहिण्याआधी अक्षराची वाट तोंडाने म्हणवून घ्या: ‘म’साठी ‘खाली या, डावीकडे गाठ, तिथून आडवे उजवीकडे, मग वरून खाली दांडी’. वर्गाने हे दोनदा म्हणत हवेत काढायचं, एकदा फरशीवर बोटाने, मग वहीत. दोन अक्षरं नमुना बघून काढली की पुढची दोन नमुन्यावर हात ठेवून, आठवून काढायची आणि हात उचलून ताडून बघायची. शेवटी मुलाने स्वतःच्या बारांतल्या सगळ्यात चांगल्या अक्षराभोवती गोल करायचा. या गोलाला आम्ही तुमच्या लाल शेऱ्यापेक्षा जास्त मोल देऊ, कारण निवडताना ते मूल गाठ, दांडी आणि आडवी रेघ खरोखर बघतं. हे सगळं दहा-बारा मिनिटांत बसवा.

ठिपक्यांची अक्षरं दिसायला देखणी होतात, पण त्यांचा उपयोग कमी. मूल अक्षर काढत नसतं, ठिपके जोडत असतं. प्रत्येक ठिपक्यावर पेन्सिल थांबते, दिशा कुठलीही असते. कोणी दांडी खालून वर काढतं, कोणी गाठ शेवटी जोडतं, आणि पूर्ण झालेल्या अक्षरावरून तुम्हाला ते कळत नाही. ठिपका द्यायचाच असेल तर एकच द्या, सुरुवातीच्या जागी हिरव्या खडूचा, आणि एक बाण. वहीपेक्षा हात बघण्यात पाच मिनिटं घालवलेली बरी.

आणखी दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नसल्या तरी. पहिली शिरोरेषेबद्दल. काही वर्गांत आधी ओळभर शिरोरेषा आखून घेतात आणि खाली अक्षरं लटकवतात. सोय होते, पण ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते हे मुलाला कधी कळतच नाही. रेघेने वरचा आकडा झाकला की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. शब्दातली सगळी अक्षरं काढून झाल्यावर एक रेघ मारायची सवय लावा. त्यामुळे शब्द कुठे संपला हेही मुलाला दिसतं आणि दोन शब्दांतली जागा वेगळी शिकवावी लागत नाही.

दुसरी अक्षरांच्या क्रमाबद्दल. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सरळ जाऊ नका. ‘ग म भ न’ हा जुना क्रम हाताच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे, वळणं सारखी असल्याने हात लवकर बसतो. डोळ्यांची मात्र त्यात पंचाईत होते, कारण सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात आली की गोंधळतात. म्हणून ‘ग’, ‘म’, ‘न’ सोबत घ्या, ‘भ’ दोन-तीन आठवडे मागे ठेवा. त्याऐवजी ‘क’, ‘र’, ‘ल’ आणि काना आणा. तेवढ्यावर काका, मामा, गाल, लाल, नाक, कान, मगर, नगर हे शब्द तयार होतात आणि पंधराव्या दिवशी मूल स्वतःचं काहीतरी लिहू शकतं. बाराखडी सगळी अक्षरं संपेपर्यंत थांबवली, तर दिवाळी उलटते तरी मुलाच्या हातात ‘कप, नख, घर’ यापलीकडे काही नसतं.

माझ्या अंगणवाडीतली चार वर्षांची मुलं पेन्सिल मुठीत धरतात. पालक म्हणतात, शेजारच्या खाजगी शाळेत मुलं अ आ इ लिहितात, तुमच्याकडे नुसतं खेळतात. काय सांगू?
– अंगणवाडी सेविका, पालघर जिल्हा

ताई, ‘अंगणवाडी’ हा शब्द ज्यांनी रुजवला त्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. दोन्ही ठिकाणं तुमच्याच जिल्ह्यातली. बिया, पानं, माती, शिंपले हीच त्यांची साधनसामग्री होती. तेव्हा ‘नुसतं खेळतात’ हे बोलणं फार मनावर घेऊ नका.

हात वरून खाली तयार होतो: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं. मुठीत पेन्सिल धरणारं मूल खांद्याने आणि कोपराने रेघ ओढत असतं. त्याची बोटं धरून तीन बोटांची पकड ‘करून’ दिली, तर तुम्ही हात सोडताच ती सुटते. आधी काय करायचं? मुलांना उभं राहून लिहू द्या. भिंतीचा त्यांच्या छातीपासून डोक्यापर्यंतचा पट्टा काळा रंगवून घ्या, किंवा साध्या भिंतीवर पाणी आणि कुंचला द्या. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे झुकतं आणि बोटं मोकळी होतात. खडू अख्खा देऊ नका, तीन तुकडे करा. दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो अंगठा आणि दोन बोटांतच धरावा लागतो. कितीही शिकवण्यापेक्षा हा तुकडा जास्त काम करतो.

रांगोळीची चिमूट हीच तर ती पकड! ठिपक्यांवर रांगोळी सोडणं, शेंगा सोलणं, चिंचोके चिमट्याने एका वाटीतून दुसरीत टाकणं, मातीच्या गोळ्या वळणं, हे रोज पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. चिंचोके आणि बिया मोजून द्या आणि मोजून परत घ्या, नाकात-कानात घालणारं एखादं असतंच.

पाटी वापरत असाल तर एक अडचण लक्षात ठेवा. पाटीवरची पेन्सिल बारीक आणि कडक असते, उमटायला दाबावी लागते, आणि दाब द्यायला मूठच सोयीची. चार वर्षांपर्यंत खडू आणि जाड मेणखडू बरे. (पाटीवरची पेन्सिल सतत खाणारं मूल दिसलं तर नुसतं रागावू नका. माती-खडू खाण्याची ओढ कधीकधी अंगात लोह कमी असल्याने लागते, आरोग्य तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना आठवणीने सांगा.)

अक्षराची वेळ आली का, हे ओळखायला एक साधी खूण आहे. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, चार-पाचच्या दरम्यान चौकोन, पाचव्या वर्षाच्या सुमारास त्रिकोण. ‘क’मध्ये गोलाई आहे, दांडी आहे, पलीकडे जाणारं वळण आहे. ज्याला अधिकचं चिन्ह नीट येत नाही त्याला ‘क’ काढायला लावणं म्हणजे चढता न येणाऱ्याला माडावर पाठवणं.

पालकांसाठी प्रत्येक मुलाची एक फाइल करा आणि महिन्याला एक चित्र तारीख घालून ठेवा. चित्राखाली मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहा, ‘बाबा जाळं टाकतो, मासे पळाले’ असं, आणि बोट फिरवत त्याला वाचून दाखवा. चित्राच्या कोपऱ्यात त्याने स्वतःचं नाव म्हणून जे काही गिरगटलं असेल ते पुसू नका. जूनच्या रेघोट्या आणि डिसेंबरमधलं अर्धंमुर्धं नाव शेजारी ठेवलं की बहुतेक पालकांचा आवाज खाली येतो.

दुसरीतली मुलगी मनाने खूप लिहिते, पण ‘पुसतक’, ‘सूरय’, ‘आबां’, ‘पानी’ अशा चुका असतात. प्रत्येक चूक दुरुस्त केली तर ती लिहायचंच बंद करते. नाही केली तर चुका पक्क्या होतील ना?
– शिक्षक, नागपूर

सर, तुम्ही चारच शब्द पाठवलेत, पण चारही वेगवेगळ्या कारणांनी चुकले आहेत. म्हणून उपायही चार.

‘पुसतक’मध्ये तिने सगळे आवाज ओळीने ऐकले आहेत, अर्धं अक्षर कसं लिहायचं एवढंच तिला माहीत नाही. जोडाक्षर अजून शिकवलं नसेल तर ही चूक नव्हेच, सोडून द्या. ‘सूरय’ तर कौतुकाची गोष्ट आहे. आपण ‘र’ आधी उच्चारतो, मग ‘य’. तिने कानाने ऐकलं तसं ओळीने लिहिलं. रफार मात्र लिपीत पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, हे सांगितल्याशिवाय कुणालाही कळणार नाही. सूर्य, पर्वत, दर्या, कार्टा असे पाच-सहा शब्द फळ्यावर घेऊन ‘आधी बोललेला र पुढच्याच्या डोक्यावर’ एवढं एकदा दाखवा.

‘आबां’ची गंमत वेगळी. अनुस्वार शिरोरेषेच्या वर असतो, म्हणून मूल आधी अक्षरं काढतं, मग शिरोरेषा, आणि टिंब सगळ्यात शेवटी. तोवर ते कुठल्या अक्षराचं होतं हे विसरलेलं असतं, हात शब्दाच्या शेवटाजवळ असतो, तिथेच टिंब पडतं. शिरोरेषा मारल्यावर शब्द बोट ठेवून पुन्हा वाचायला लावा: ‘आं-बा’. आवाज नाकात गेला तिथे टिंब. दोन आठवड्यांत फरक दिसतो.

‘पानी’ ही लेखनाची चूकच नाही, ती घरची बोली आहे. न-ण, ल-ळ यांसाठी वेगळा, हसतखेळत पाठ घ्या. घरी ‘पानी’ म्हणतात, पुस्तकात ‘पाणी’ लिहितात, दोन्ही माहीत असावं. तिच्या गोष्टीच्या मधोमध ते लाल करू नका. घरची भाषा चुकीची, एवढंच त्यातून मुलाच्या मनात बसतं.

आता दुरुस्ती कशी करायची. आधी मजकुराला उत्तर द्या. समजा तिने लिहिलं, ‘मी सूरय पाह्यला डोंगरा मागं गेला’. त्याखाली तुम्ही निळ्या पेनाने लिहा, ‘सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा आकाश कुठल्या रंगाचं झालं होतं?’ तिला उत्तर लिहायचं म्हणजे तुमचं वाक्य वाचायचं, आणि त्यात ‘सूर्य’ बरोबर लिहिलेला आहे. पुढच्या खेपेला तो शब्द ती तिथून बघून घेईल. शिकवून झालेली चूक असेल तर समासात बारीक खूण करा आणि ‘या ओळीत एक शब्द पुन्हा बघ’ एवढंच म्हणा. एका वेळी एकच मुद्दा, तोही आठवडाभर सगळ्या वर्गासाठी तोच.

ऱ्हस्व-दीर्घाचा धाक दुसरीत नको. एकच नियम द्या, कारण तो जवळपास नेहमी चालतो: मराठी शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार. पाटी, मी, लाडू, तू. ‘आणि’सारखे थोडे अपवाद त्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर चौकस पोर तुम्हाला पकडणार.

चुका पक्क्या होतील ही भीती मात्र खरी आहे, एका बाबतीत. चुकीचा शब्द दहादा उतरवून घेतला तर तो पक्का होतो. स्वतःच्या गोष्टीत एकदा चुकलेला शब्द होत नाही.

वर्गात दोन मुलं डावखुरी आहेत. त्यांना उजव्या हाताने लिहायला शिकवावं का?
– पालक-शिक्षक, कोल्हापूर

नाही. दहातला साधारण एकजण डावखुरा असतो, वर्गात दोन असणं नेहमीचंच. त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होणार नाही. वहीचं वरचं टोक उजवीकडे कलू द्या. पेन्सिल टोकापासून तीन सेंटीमीटर वर धरायला सांगा, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि मनगट आकड्यासारखं वळवावं लागत नाही. शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढली तरी चालेल, ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं. साताऱ्याच्या ताईंना आम्ही ओळीच्या सुरुवातीला नमुना द्यायला सांगितला आहे, तो या मुलांच्या हाताखालीच झाकला जातो. त्यांच्यासाठी नमुना उजव्या टोकाला काढा.

अक्षर उलटं काढणं हा डावखुऱ्यांचाच दोष समजला जातो, तसं नाही. सातव्या वर्षापर्यंत उजव्या हाताची मुलंही कधीमधी आरशातलं अक्षर काढतात.

धडगाव तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरीची ३८ मुलं एकत्र बसतात. घरी सगळे पावरी बोलतात. गिरवायला सांगितलं तर गिरवतात, ‘मनाने लिहा’ म्हटलं की गप्प.
– शिक्षक, नंदुरबार जिल्हा

सर, ती गप्प आहेत कारण तुम्ही त्यांच्याकडे एका दमात तीन गोष्टी मागताय: विचार, मराठी आणि अक्षर. मराठी काही दिवस बाजूला ठेवा. मुलांना पावरीत बोलू द्या आणि पावरीतच लिहू द्या, देवनागरीत ती लिहिता येते. तुम्हाला शब्द कळला नाही तर त्यांना विचारा. गुरुजींना शिकवायला मिळालं की गप्प मुलंही बोलतात. एखादा शब्द कसा लिहायचा यावर वर्गात वाद झाला तर होऊ द्या, आवाज तोडून ऐकण्याचा याहून चांगला सराव नाही. कुणी तपासायला आलं आणि भुवया उंचावल्या, तर २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुरुवातीचं शिक्षण शक्य तिथे घरच्या भाषेत द्यावं असंच म्हटलं आहे, हे दाखवा.

३८ जणांकडे रोज बघणं अशक्य. आठ-आठचे गट करा, शेवटचा सहाचा. प्रत्येक गटात पहिली-दुसरीची मुलं मिसळा. रोज एकाच गटाजवळ वीस मिनिटं बसा, बाकीचे स्वतः काम करतील. आठवड्याच्या पाच दिवसांत सगळे होतात. वीस मिनिटांचा क्रम असा: पाच मिनिटं चित्र, दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याला सांगणं, दहा मिनिटं लिहिणं, उरलेल्या वेळात एक-दोघांनी उभं राहून वाचणं. शेजाऱ्याला सांगण्याची पायरी गाळू नका. न बोललेलं वाक्य या वयात कागदावर येत नाही, चित्र काढून मूल पुन्हा गप्प बसतं. पहिलीचं मूल एकच अक्षर लिहून ‘ही आमची बकरी’ म्हणालं तर तेही लेखनच. खाली पूर्ण वाक्य तुम्ही लिहा.

वह्या लागत नाहीत. पाठकोरे दोन कागद एकत्र मधोमध दुमडून दोऱ्याने शिवले की आठ बाजू मिळतात, त्यातल्या कोऱ्या बाजूंवर एका मुलाचं दोन-तीन आठवड्यांचं पुस्तक होतं. आणि लिहायला खरं कारण द्या. आज पाणी भरायची पाळी कुणाची, पोषण आहारात आज काय शिजलं, आठवडी बाजारातून काय आणायचं, हे रोज एका गटाने दाराजवळच्या फळ्यावर लिहायचं. खिचडीऐवजी उसळ लिहून सगळ्यांना फसवण्याची लहर एखाद्याला येईल, येऊ द्या.

महिन्याभराने मराठी आणा. एका पानावर पावरी वाक्य, समोरच्या पानावर तेच मराठीत, तुम्ही आणि मूल मिळून.

रविवारच्या मराठी शाळेत सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवते. दीड तासच मिळतो. इंग्रजी छान लिहिणारी मुलं ‘कमल’ऐवजी ‘कामाला’ लिहितात आणि अक्षरं वहीच्या खालच्या रेघेवर बसवतात.
– स्वयंसेवक शिक्षिका, न्यू जर्सी

ताई, दोन्ही सवयी इंग्रजीतून आल्या आहेत. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला लटकतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. चाररेघी वही बंद करा. त्यात मुलं अक्षर मधल्या दोन रेघांत कोंबतात आणि उकाराला, वेलांटीला जागाच उरत नाही. कोऱ्या कागदावर दोन-दोन सेंटीमीटरवर फक्त वरची एकेक जाड रेघ आखून द्या. ही रेघ लटकायची जागा दाखवते, शिरोरेषा तरीही शब्द झाल्यावरच मारायची.

‘कामाला’चं मूळ तुमच्या तक्त्यावर असणार. ‘कमल’खाली रोमन लिपीत ‘kamala’ असं छापलेलं असलं की मुलाला तीन ‘ए’ दिसतात आणि ते प्रामाणिकपणे तीन काने देतं. रोमन लिपीतले सगळे आधार काढून टाका, त्याजागी चित्र लावा. मग टाळी वाजवून शब्द तोडा: क-मल, का-का, का-मा-ला. तोंड मोठं उघडलं तरच काना. तक्ता मराठी पाठ्यपुस्तकातला घ्या. नेटवरच्या पुष्कळ तक्त्यांवर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मुलांना मग परका वाटतो.

दीड तासातली पंधरा मिनिटं वळणासाठी ठेवा, जास्त नकोत. वळणाआधी मुलांचं स्वतःचं नाव घ्या, ‘प्रणव’ किंवा ‘आर्या’मध्ये जोडाक्षर किंवा रफार असला तरी आख्खंच. उरलेल्या वेळात आजीला दोन ओळी लिहायच्या, कागदाचा फोटो फोनवर पाठवायचा, आणि आजीलाही सांगून ठेवायचं की उत्तर हाताने लिहून, मोठ्या अक्षरात, फोटो काढून पाठवा. पुढच्या रविवारचा वाचनपाठ आजीच पाठवेल.